लाल बुडाचा डकोटा

आप्पा गेल्याचं सांगायला जनू नाखवा आला तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले असतील. मी ओटीवर बसून सुपाऱ्या निवडत होते. एरवी हा माणूस मोटारसायकल बंद करायच्या आधीच बोलायला लागतो आणि त्याचं माझ्याकडे काय काम आहे ते शेजारच्या चार घरांना कळतं. त्या दिवशी तो फाटकाची कडी धरून नुसता उभा राहिला. मी म्हटलं, "काय रे, आत ये की." तर म्हणाला, "बाई, आप्पा गेला... जेवून निजला तो उठलाच न्हाय. पोरगी चाय घेऊन गेली तं हात गार." त्याने सकाळी आप्पांकडे बोंबील पोचवले होते, दुपारी रिकामा डबा आणायला गेला, आणि त्याच्यासमोरच हे कळलं. आप्पा, म्हणजे यशवंत घरत, हवाई दलातून निवृत्त झालेले, चौलच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारे, माझे पंचवीस वर्षांचे स्नेही. आणि ते गेल्याचं ऐकून मी पहिलं वाक्य काय बोलले असेन? "अरे, उद्या शनिवार आहे ना!" असं बोलले. जनूला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो मान हलवून म्हणाला, "व्हय. उद्या धुनं हाय." मग तोही ओटीच्या पायरीवर टेकला आणि माझ्याबरोबर सुपाऱ्या निवडू लागला.

शनिवारचं धुणं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. चौलहून खाडीच्या तोंडाकडे निघालं की कोळीवाडा लागतो, कोळीवाड्याच्या टोकाला शाळा आहे आणि शाळेच्या पटांगणात सुरूच्या झाडांपुढे एक विमान उभं आहे. खरंखुरं. दुसऱ्या महायुद्धातलं, माल आणि माणसं वाहून नेणारं, डकोटा जातीचं. पाठ चंदेरी आणि पोट, म्हणजे कोळ्यांच्या भाषेत बूड, लालभडक. पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास हसतो. मीही हसले होते, आणि आप्पांना "तुमचं माकड काय म्हणतंय?" असं विचारायची माझी खोड शेवटपर्यंत गेली नाही. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात अल्युमिनियमचा पत्रा टिकत नाही, म्हणून दर शनिवारी सकाळी हे विमान गोड्या पाण्याने नाकापासून शेपटीपर्यंत धुवायचं, असा आप्पांचा नेम होता. हा नेम त्यांनी अख्ख्या कोळीवाड्याला लावला. पंधरा वर्षांपूर्वी मला कुणी सांगितलं असतं की कोळणी शाळेच्या विहिरीचं पाणी कळशीने काढून विमानाला आंघोळ घालतील, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

विमान इथे आलं कसं, हीही एक गंमतच. मुंबईच्या एका हौशी गृहस्थाने ते भंगारातून उचललं आणि पंख सोडवून ट्रेलरवर घालून इथे आणलं. विमानाच्या पोटात बसून पर्यटकांनी सोलकढी प्यावी, अशी त्याची कल्पना. पण डकोटा शेपटी टेकून बसतो. पुढची चाकं उंच, मागचं एवढंसं, त्यामुळे आतली जमीन उतरती. पहिल्याच दिवशी म्हणे पाहुण्यांची आमटी ताटातून निघाली आणि मागच्या दारापर्यंत गेली. मग त्याने शेपटीखाली दगडी चौथरा बांधून विमान सरळ केलं. दोन हंगाम हॉटेल चाललं, तिसऱ्याला कंटाळून त्याने जागा आणि विमान दोन्ही शाळेला देऊन टाकलं आणि तो गेला. शाळेला विमानाचं काय करायचं ते ठाऊक नव्हतं. मास्तर मंडळी त्याच्या सावलीत डबे खात. विमानाकडे लक्ष गेलं ते फक्त कोळ्यांचं.

त्याचं कारण जनूनेच मला सांगितलं आहे. दुपार कलली की समुद्रावरून परतणाऱ्या होडीला किनारा म्हणजे एक काळी रेघ दिसते, त्यात खाडीचं तोंड कुठलं ते चटकन कळत नाही. पण सूर्य पश्चिमेला आला की विमानाची चंदेरी पाठ चमकते. तो चमकारा उजव्या हाताला ठेवून चालायचं, की होडी बरोबर खाडीत. एका वर्षी हवा अचानक फिरली, सगळीकडे धुरकट झालं आणि ढगाच्या एका फटीतून उन्हाची तिरीप नेमकी विमानावर पडली. जनूच्या होडीत तेव्हा पाच जण होते. ते पाचही जण घरी आले आणि त्या वर्षीपासून कोळीवाड्याने विमानाला आपल्या होड्यांत धरलं. पावसाळ्यात होड्या नारळाच्या झापांनी शाकारतात, तसं विमान शाकारायचं. नारळी पुनवेला होड्यांबरोबर त्यालाही हळदकुंकू आणि नारळ. आणि हंगामाच्या आधी होड्यांची बुडं रंगवताना त्याच डब्यातला रंग, त्याच ब्रशाने, विमानाच्या बुडाला. एक नव्हे, दोन हात. जनू अजून अभिमानाने सांगतो, "माझ्या व्हरीला एक हात, त्याला दोन."

आता आप्पांकडे येते. ते चौलच्या शेतकरी घरातले. अठराव्या वर्षी हवाई दलात गेले, फिटर झाले आणि त्यातली अकरा वर्षं त्यांनी डकोटाचे पत्रे, रिव्हेट आणि आतल्या बरगड्या तपासण्यात घालवली. गावात त्यांना सगळे "फौजी" म्हणत. ते दर वेळी दुरुस्ती करत, "फौजी नव्हे, हवाई दल." चाळीस वर्षांत एकानेही ती दुरुस्ती मनावर घेतली नाही आणि त्यांनी ती करायची सोडली नाही. एवढ्यावरून माणूस कळावा. हवाई दलानंतर ते खोपोलीकडे एका कारखान्यात होते. त्यांची मुलगी शिक्षणासाठी आजीकडे चौलला राहिली, मी मराठी शिकवायचे त्या वर्गात होती. मराठीत कायम काठावर. त्यावरून आप्पा मला भेटायला आले ते मार्क वाढवून मागायला नव्हे, तर मी तिला एका उत्तराला चुकून दोन मार्क जास्त दिलेत हे दाखवायला. मी थक्क झाले आणि खरं सांगते, चिडलेही.

कारखाना सोडून ते कायमचे गावी आले, त्या वर्षीच्या नारळी पुनवेला कोळीवाड्यातल्या शाळेने मला बक्षीस समारंभाला बोलावलं होतं. मी आप्पांना बरोबर नेलं. विमान शाळेत आहे हे त्यांनी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. पटांगणात होड्यांची पूजा आटोपून सगळे जमलेले, विमानाच्या नाकाला झेंडूची माळ, बूड ताजं लाल. आप्पा सरळ विमानाखाली शिरले. बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करत पुढे सरकू लागले, डॉक्टर छाती तपासतो तसे. मध्येच एके ठिकाणी त्यांचं बोट पत्र्यातून आरपार गेलं. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या बोटावर पांढरी भुकटी होती आणि चेहरा लाल. ते भर गर्दीत ओरडले, "हा रंग कुणी लावला? अरे, मारलंत तुम्ही ह्याला! खाल्लंत जिवंत!" सणाच्या दिवशी, देवाच्या नारळासमोर. जनूचा हात नारळासकट तिथेच थांबला.

चूक झाली होती, आणि ती कोळ्यांशिवाय कुणाच्या हातून झालीच नसती. होडीच्या बुडाला लावायचा तो रंग तांब्याचा असतो. तांब्याच्या विषाने लाकडाला किडे लागत नाहीत, शिंपले चिकटत नाहीत. लाकडाला तो औषध. पण अल्युमिनियमला तांबं लागलं आणि वर खारी हवा मिळाली की अल्युमिनियमची भुकटी व्हायला लागते. जितकी माया जास्त, तितके रंगाचे हात जास्त, तितका पत्रा लवकर मरणार. ही गोष्ट आप्पांनी शांतपणे सांगितली असती तर बरं झालं असतं. पण शांतपणे सांगायला त्यांना कधीच जमलं नाही. कोळीवाडा त्यांच्याशी बोलेनासा झाला. सोनाबाई, जनूची बायको, बाजारात त्यांना मासळी देईना. "त्या फौजीला सांगा, आमचे हात इखारी हायेत, मग आमची म्हावरं कशाला खातो?" असं तिने मलाच ऐकवलं. आप्पा सहा महिने वांग्याची भाजी खात होते आणि मला सांगत होते की आपलं काही अडत नाही.

अडत होतं. मासळीचं नव्हे, विमानाचं. आप्पांना स्वच्छ दिसत होतं की हे विमान वाचवायचं तर ते एकट्याने होणार नाही. रंग खरवडायला माणसं हवीत, दर आठवड्याला पाणी ओतायला माणसं हवीत, आणि ती माणसं म्हणजे कोळीच, दुसरं कुणी येणार नव्हतं. आणि त्याच माणसांना त्यांनी दुखावलं होतं. शाळेने परस्पर रंग काढून टाकावा, असं मी सुचवलं. ते म्हणाले, "बाई, त्यांनी लावलाय. त्यांनी काढला तरच पुन्हा लागणार नाही." मग ते एके सकाळी हातात काही न घेता सोनाबाईच्या दारात गेले आणि म्हणाले, "एक झाकण पाहिजे. अल्युमिनियमचं. जुनं." ती बघतच राहिली. माणूस सहा महिन्यांनी तोंड दाखवतो आणि झाकण मागतो... तिने भाताच्या टोपावरचं एक चेपलेलं झाकण त्यांच्या पुढ्यात टाकलं. आप्पांनी त्याच्या अर्ध्या भागाला जनूच्याच डब्यातला लाल रंग लावला, झाकण जनूच्याच पडवीला तारेने टांगलं आणि सांगितलं, "रोज ह्यावर खारं पाणी शिंपडायचं. बाकी मी काही बोलणार नाही." आणि खरोखर बोलले नाहीत. शिमग्याला टांगलेलं झाकण नारळी पुनवेच्या आधी सोनाबाईने उतरवलं. हाताने रंग खरवडला, झाकण उन्हाकडे धरलं. कोऱ्या अर्ध्यातून काही दिसेना, रंगवलेल्या अर्ध्यातून ऊन टिपक्याटिपक्यांनी तिच्या तोंडावर पडलं. ती जनूला म्हणाली, "आपून त्याच्या जिवावर उठलो व्हतो रं." दुसऱ्या दिवशी आप्पांच्या घरी पापलेट आलं.

त्यानंतरचे दोन महिने माझ्या आयुष्यातले अगदी मजेचे गेले. रंग काढायला लोखंडी पटाशी चालत नाही, पत्र्यावर ओरखडा उठतो आणि तिथूनच पुन्हा किडायला सुरुवात होते. आप्पा लाकडाच्या पट्ट्या करायला बसले होते, तेवढ्यात सोनाबाईने नारळाची करवंटी फोडून तिच्या तुकड्याची कड दगडावर घासली आणि पुढे केली. पत्र्याच्या वळणावर ती अशी बसली की आप्पा "अरेच्चा!" म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मी पुन्हा ऐकली नाही. विमानाखाली पोती अंथरून बायाबापड्या आडव्या, वर हात करून खरवडताहेत, रंगाचा भुगा डोळ्यांत जातोय, कुणाची तरी कुणाला तरी टोमणेबाजी चाललीय. लाल रंगाखाली चंदेरी निघाला, त्याखाली कुठल्याशा कंपनीचा निळा पट्टा, त्याखाली पांढरा, त्याखाली राखाडी आणि अगदी शेवटी, दाराजवळ, शेवाळी हिरवा. लढाईतला. त्या हिरव्यात एक आकडा होता. आप्पांनी सगळ्यांना हात थांबवायला सांगितलं.

आता, आप्पांकडे एक छोटी वही होती. ज्या ज्या विमानाला त्यांचा हात लागला, त्याचा आकडा त्यात लिहिलेला. ती वही घेऊन ते दुसऱ्या दिवशी आले तेव्हा अख्खा कोळीवाडा पटांगणात हजर. सगळ्यांना खात्रीच होती. मलाही होती. आप्पा पहिल्या पानापासून बोट फिरवत शेवटपर्यंत गेले. परत पहिल्यापासून. दारातली, विमान बनवणाऱ्या कंपनीची पाटी पाहून तिच्यावरचा आकडाही ताडून पाहिला. तिसऱ्यांदा बोट फिरवून त्यांनी वही मिटली. "नाही. हे माझं विमान नव्हे." मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, म्हणा की हो! कुणाचं काय जातंय? बघा, किती आशेने उभे आहेत." त्यावर ते माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले की मला ते दोन जादा मार्क आठवले. म्हणाले, "माझं नाही, त्यात त्याचं काय चुकलं? दुसऱ्या कुणी फिटरने केलं असेल, माझ्यासारखंच. ते पुसून मी माझं नाव लावू?"

तो आकडा घेऊन आम्ही हवाई दलाला आणि विमान कंपन्यांना पत्रं पाठवली. मजकूर आप्पांचा, अक्षर माझं, कारण त्यांचं अक्षर त्यांनाच लागत नसे. इकडून तिकडून, वर्षा-दीड वर्षात, थोडंथोडं कळत गेलं. आणि जसजसं कळत गेलं तशी मला धास्ती वाटू लागली. कारण शाळेत तोवर मुलांना सांगत होते की या विमानाने शत्रूवर बॉम्ब टाकले. नाक्यावर तर त्याने तीन विमानं पाडल्याचीही बोलवा होती. आणि खरी हकीकत काय, तर त्याने कधी कुणावर काही टाकलं असेल तर ती तांदळाची पोती. पूर्वेकडच्या डोंगरांत अडकलेल्या सैनिकांना. जाताना तांदूळ, येताना जखमी. लढाई संपल्यावर भारतातच, हवाई दलात राहिलं, सरकारी माल वाहिला, मग खासगी कंपनीत गेलं, तिथे वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि खोक्यांतून कोंबडीची पिल्लं. मग भंगार, मग सोलकढी. मी आप्पांना म्हटलं, हे सांगितलंत तर पुढच्या शनिवारी तुमच्या धुण्याला कुत्रं येणार नाही. त्यांनाही ते कळत होतं. त्या आठवड्यात ते नीट जेवत नव्हते, असं त्यांच्या मुलीने मला नंतर सांगितलं. एकदा रंगाचं खरं सांगून त्यांनी माणसं गमावली होती, मोठ्या मुश्किलीने परत मिळवली होती. आता दुसरं खरं सांगून पुन्हा गमावली, तर विमान गेलंच.

तरी सांगितलं. शनिवारी धुणं झाल्यावर, ओल्या पटांगणात, सगळ्यांना बसवून. या वेळी शांतपणे. पोती उंचावरून टाकली की फुटत, म्हणून तांदूळ एका पोत्यात भरून ते पोतं दुसऱ्या मोठ्या पोत्यात घालत, आतलं फुटलं तरी बाहेरचं धरून ठेवी, हेही सांगितलं. बोलून झाल्यावर ते खाली बघत उभे राहिले. पहिली बोलली सोनाबाई. "पोत्यात पोतं? आमी सुकटीला करताव तसंच?" आप्पा म्हणाले, "तसंच." "म्हंजे उपाशी मानसांना खायाला न्यायचा त्यो." "हो." तिने शेजारणीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मंग बराय की. मना वाटलं मानसं मारलीत का काय." जनूचा चेहरा मात्र थोडा उतरला होता, तीन विमानांची गोष्ट त्याच्या फार आवडीची होती. पण पुढच्या शनिवारी पहिली कळशी त्यानेच ओतली. आप्पा त्या दिवशी माझ्याकडे येऊन तीन पुरणपोळ्या खाऊन गेले.

पुढे एक वार्ताहर आला. विमान पाहून, फोटो काढून, आप्पांशी दोन तास बोलून गेला आणि छापलं काय, तर "ज्या विमानावर तरुणपणी सेवा केली, त्याच विमानाला म्हातारपणी जीवदान!" आप्पांनी लगेच माझ्याकडून खुलासा लिहून घेतला. तो छापून आला नाही. पुन्हा पाठवला. तोही नाही. "अहो, चांगलंच लिहिलंय ना तुमच्याबद्दल," मी म्हणाले. ते म्हणाले, "चांगलं आहे. पण चूक आहे." हा लेख ज्या पुरवणीत येणार आहे, तिच्या संपादकांना माझी विनंती आहे की निदान एवढा परिच्छेद तरी कापू नका.

आणि लाल बूड? ते राहिलं. खरवडलेल्या पत्र्याला अस्तर देऊन झाल्यावर मी गृहीत धरलं होतं की आता आप्पा त्याला मूळचा शेवाळी हिरवा देणार. पण त्यांनी तांबं नसलेला लाल रंग मागवला, डब्यावरचं बारीक अक्षर भिंग लावून तीनदा वाचलं आणि मग तो डबा जनूच्या हातात दिला. मी विचारलं, हे कसं काय बसतं तुमच्या खऱ्यात? तर म्हणाले, "त्याच्या सगळ्या नोकऱ्या मोजल्यात आपण. हवाई दल, कंपनी, हॉटेलसुद्धा. मग कोळीवाड्यातली नोकरी का गाळायची? सगळ्यांत जास्त वर्षं इथेच भरलीत." पाठ मात्र चंदेरीच, होड्यांना दिसावी म्हणून. मी त्यांना इतकी वर्षं सरळसोट, काहीसा रुक्ष माणूस समजत होते. त्या दिवशी मला ते फार आवडले, आणि मी तसं त्यांना सांगितलंही. ते कानकोंडे होऊन चाकाची हवा बघायला गेले.

अशी पुढची दहा-बारा वर्षं सुखात गेली. त्यात सांगण्यासारखं फार काही घडलं नाही. आप्पा थकले, काठी आली, तरी शनिवार चुकला नाही. मे महिन्यात विहीर तळाला जाई तेव्हा ओल्या फडक्याने पुसायचं, पण पुसायचं. झापांनी शाकारणंही त्यांनी बदलून घेतलं. झाप पत्र्याला टेकले तर ओल धरते, म्हणून बांबूंवर हातभर उंच. कोळ्यांनी तेही ऐकलं, भांडूनच, पण ऐकलं.

ते गेल्यावर दहाव्या दिवशी शाळेत शोकसभा झाली. सरपंच भला माणूस. त्याने पटांगणात एक पाटी लावायचं ठरवलं होतं, मजकूर तयार करून आणला होता, तो वाचून दाखवला. त्यात ते वर्तमानपत्रातलं वाक्य जसंच्या तसं होतं... "ज्या विमानावर सेवा केली". लोकांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसले, कबूल करते. दहा दिवसांचं दुःख होतं, सरपंचाला तोंडावर खोटं ठरवायचं जिवावर आलं. तेवढ्यात जनू उठला. टोपी हातात घेतली. म्हणाला, "ता खरं न्हाय. त्याच्या वहीत हा आकडा नव्हता. आमी सगले व्हतो तितं. त्यानी तीनदा बघला." सरपंच म्हणाला, "अरे जनू, त्यांच्या मानासाठीच लिहिलंय." जनू म्हणाला, "मान कराचा तं खरा करा. मना पन लय वाटलं व्हतं त्याचाच असंल. पन न्हाय तं न्हाय." तीन विमानं पाडल्याची गोष्ट ज्याला सर्वांत प्रिय होती, तो माणूस हे बोलला. पाटी मी पुन्हा लिहून दिली. तांदूळ, जखमी, वर्तमानपत्रं, पिल्लं, हॉटेल, आणि सध्या होड्यांसाठी खूण. खाली, आप्पांनी त्याची निगा राखली, एवढंच.

पण पाटी लागली म्हणून पत्रा टिकत नाही. परवाच्या शनिवारी मी मुद्दाम लवकर गेले. बायका आधीच विहिरीवर होत्या. मी कळशी उचलायला गेले तर सोनाबाई म्हणाली, "बाई, तुमी पानी नका वाहू. चाकाच्या मागची जागा तेवडी राहिलीय. ती आप्पा करायचा. तितं कोनी गेला न्हाय अजून." पाच आठवडे सगळं विमान धुतलं जात होतं आणि तेवढी जागा तशीच. मी सत्तरी ओलांडलेली बाई, पोतं अंथरून पाठीवर झोपले आणि सरकत आत गेले. माझ्या नाकापासून हातभर वर तो लाल पत्रा, आणि त्यावर पिवळ्या मेणखडूची लहान लहान वर्तुळं. मी मोजली, सात. प्रत्येकात एक पांढरट ठिपका, आणि वर्तुळाशेजारी बरोबरच्या खुणांची रांग. मला काही उलगडेना. मी हाक मारली तसा जनू शेजारी सरपटत आला. त्याने सांगितलं, जुन्या रंगाचं तांबं जिथे खोल शिरलंय ते हे ठिपके. आप्पा दर महिन्याला बघायचा, ठिपका वर्तुळाच्या आत असला की एक खूण करायचा. बाहेर आला तर पुन्हा खरवडायचं. या महिन्याची खूण एकाही वर्तुळाला नव्हती.

जनूने खिशातून खडू काढला. आप्पांचाच असणार, त्याने तो कधी घेतला ते मी विचारलं नाही. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, जवळचं बरं दिसतं. मी एकेक वर्तुळ फडक्याने पुसून पाहिलं. पहिलं, आत. खूण केली. दुसरं, आत. तिसरं, चौथं, पाचवं... हात भरून आला होता, तोंडावर पाणी ठिबकत होतं, आणि मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. सहावंही आत. सातव्याशी थांबले. ठिपका वर्तुळाच्या रेघेवर आला होता, आणि एका बाजूने, तांदळाच्या कणीएवढा, बाहेर. मी जनूकडे पाहिलं. तो वर पत्र्याकडेच बघत होता. हलकेच म्हणाला, "भायेर हाय का?"

"आहे," मी म्हटलं. सातव्यापुढे फुली मारली, आणि त्याला करवंटी आणायला पाठवलं.